यादीतलं सातवं नाव

सोमवार, ९ फेब्रुवारी

१. आज सकाळी ११.०७ ला आमच्या घरच्या वायफायला एक फोन जोडला गेला. ११.४१ ला तुटला.
२. फोन अ.चा आहे. शंका नाही. प्रत्येक फोन प्रत्येक वायफायसाठी एक वेगळा पत्ता तयार करतो. हा पत्ता फक्त आमच्या घरापुरता आहे, आणि त्याला नाव मीच दिलेलं आहे.
३. अ.शी झालेला साखरपुडा मोडून आज २९ दिवस झाले.
४. अ. इंदापूरला राहतो. आमची वस्ती निमगाव केतकीच्या बाहेर, रस्त्यापासून बरीच आत. वायफाय घर, अंगण, गोठा एवढंच पोचतं. रस्त्यावर मिळत नाही. मी चालत जाऊन पाहिलेलं आहे.
५. त्या वेळी तात्या खालच्या रानात डाळिंबात, आई गोठ्यात, मी माडीवर कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये.
६. मला कळलं ४.३० ला. नेट अडकत होतं म्हणून राउटर उघडला, तेव्हा.
७. कुणाला सांगितलेलं नाही.

दोनदा टाइप करताना चुकले.


मंगळवार, १० फेब्रुवारी

बारामती. ऑफिस. लंचमध्ये इथूनच घरचा राउटर उघडून मागच्या नोंदी काढल्या.

२ तारीख, सोमवार. ४ तारीख, बुधवार. ९ तारीख, सोमवार. तिन्ही वेळा अकरा ते बाराच्या मधे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी इथे असते, बाकी दिवस घरून काम. त्या दिवशी एकदाही नाही.

म्हणजे मी नसताना तो येत नाही. मी असताना येतो.

यादी कशी झाली ते लिहून ठेवते, पुढे कुणाला सांगायची वेळ आली तर. नेट घेतलं तेव्हा येणारा प्रत्येक पाहुणा पाणी पिऊन झालं की पासवर्ड मागायचा, आणि आई द्यायची. माझं काम अडायला लागलं. मग मी राउटरमध्ये यादी लावली. ज्याचा पत्ता यादीत त्यालाच जोडता येईल, पासवर्ड माहीत असला तरी. तात्यांचा फोन, आईचा, माझा, माझा लॅपटॉप, टीव्ही, गोठ्यातला कॅमेरा. तात्या गावभर सांगत फिरले, "आमच्या मनूनं मतदारयादी केलीया. नाव नसंल तर आमदार आला तरी परत!"

सातवं नाव नोव्हेंबरात घातलं. साखरपुड्यात मुलाला फोन द्यायचा ठरला. आई म्हणाली, चालू करून द्यावा, बंद डबा काय द्यायचा. आदल्या दिवशी मीच चालू केला, घरच्या नेटवर अपडेट घातले, यादीत घेतला. नाव लिहिलं 'अ. फोन'. तो यायचा तेव्हा फोन आपोआप जोडला जायचा. आई खूश.

मोडलं तेव्हा मोरगावच्या मामाने मधे पडून सगळं परत केलं. लग्न जमवलं होतं त्यानेच. त्यांची अंगठी, साड्या इकडून गेल्या. तिकडून फोन परत आला तर तात्यांनी हात लावला नाही. "दिल्यालं माघारी घ्यायची आमच्यात रीत न्हाय. ऱ्हाऊ दे त्याला."

ऱ्हायला. आणि यादीतून काढायचं मी विसरले. हे माझ्याकडून.


बुधवार, ११ फेब्रुवारी

घरून काम. माडीच्या दाराला आतून कडी. हेडफोनचा एकच कान लावला.

आला नाही.

सकाळी नऊला त्याचं नाव काढायला बसले. बोट बटणावर होतं. काढलं की त्याचा फोन जोडला जाणार नाही. जोडला नाही की मला दिसणार नाही. तो अंगणात येऊन उभा राहिला तरी यादी रिकामी.

ठेवलं. त्याला आत यायची परवानगी आहे म्हणूनच तो आलेला मला कळतो. हे वाक्य तीनदा वाचलं. बरोबर आहे.


गुरुवार, १२ फेब्रुवारी

आई तात्यांबरोबर इंदापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात. घरी मी एकटी.

११.१६ ते ११.२५.

मी क्लायंटसमोर स्क्रीन दाखवत होते, बारा वाजता पाहिलं. याआधी तिन्ही वेळा फोन गोठ्यात कॅमेऱ्यासाठी लावलेल्या छोट्या राउटरला जोडला गेला होता. आज घरातल्या. तो राउटर जिन्याला लागून असलेल्या भिंतीत आहे. जिना बाहेरून, अंगणातून. सिग्नल भरपूर होता. सिग्नलचा आकडा उणे असतो, शून्याकडे जाईल तसा फोन जवळ. आज उणे ४१.

उणे ४१ म्हणजे जिन्याच्या पायथ्याशी. नऊ मिनिटं.

१२.१० ला खाली गेले. कुणी नाही. गाई रवंथ करत होत्या. माझ्या चपला पायथ्याशी सरळ लावलेल्या. मी कधी सरळ काढत नाही. आईने जाताना लावल्या असतील.


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

बारामती. रेश्मा शेजारच्या टेबलावर बसते, तिलाच विचारलं, तुझ्या खोलीत दुसरी कॉट बसेल का. म्हणाली, "बसंल की. का गं, घरी भांडलीस?" मी म्हटलं, सहज.

एसटी स्टँडवर तिथूनच चढावं लागतं. तो खांब. डिसेंबरात तिथेच अ.ने माझ्या हातातून फोन घेतला, आणि लॉकचा नंबर सांगेपर्यंत मनगट सोडलं नाही. साखरपुड्यात भरलेल्या बांगड्यांपैकी दोन फुटल्या. लोक बघत होते. त्याने हसून सांगितलं, "आमची हायत." मग कुणी बघेना.

घरी सांगितलं, एसटीच्या दाराला हात लागला. आईने हळद लावली. लग्न मोडायचं कारण सांगितलं, तो नोकरी सोडायला सांगतो. तेही खरं होतं. पण पूर्ण नाही.


शनिवार, १४ फेब्रुवारी

गोठ्यातला कॅमेरा गाभण गाईवर रोखलेला आहे, माणसं क्वचितच दिसतात. तरी नोंदी पाहिल्या.

२ तारखेला कॅमेरा ११.०२ ला बंद. ४ तारखेला ११.१०. ९ तारखेला ११.०४. प्रत्येक वेळी अ.चा फोन जोडला जायच्या काही मिनिटं आधी बंद, आणि तो गेल्यावर सुरू. कुणीतरी पिन काढतंय.

कॅमेऱ्याची पिन कुठे आहे ते तिघांना माहीत आहे. तात्या त्या वेळी खालच्या रानात असतात. मी वर.

१२ तारखेला कॅमेरा चालू होता. हे वेगळं का, कळत नाही.

आईला आज विचारणार होते. ती वाटाणे सोलत गाणं गुणगुणत होती. विचारलं नाही.


रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आईचा उपास. तात्या देवळात गेल्यावर विचारलं.

"आई, गोठ्यात कोन येतंय?"

हातातलं उलथणं तसंच थांबलं. मग म्हणाली, "तुला कुनी सांगितलं?"

"कॅमेऱ्याची पिन कशाला काढतीस?"

"तू वरनं बघून तरातरा खाली येशील म्हून. यिऊन रडतंय गं पोरगं. मोठा बाप्या मानूस गाईपाशी बसून रडतंय. मी काय हाकलून दिऊ? एक कप च्या दिला, त्यात काय चोरी केली मी?"

"किती वेळा आला?"

"तीनदा. देवाशपथ, तीनदाच."

नोंदीत चार आहेत. मी पुन्हा विचारलं, परवाच्या गुरुवारचं काय.

"बेस्तरवारी मी डोळ्याच्या दवाखान्यात न्हवते का? तूच रिक्षात बसवलंस की."

मग मी विचारलं, जाताना माझ्या चपला सरळ लावल्यास का.

"मी कशाला तुझ्या चपला लावत बसू? पाठ धरलीया माझी."

त्यानंतर मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. एवढं कळलं की मामाने सोमवारी २३ तारखेला त्या लोकांना पुन्हा आणायचं ठरवलंय, बैठक आमच्याच घरी. तात्यांना माहीत आहे. मला शनिवारी सांगणार होते.

मी आईला मनगट दाखवलं. वळ आता दिसत नाही. एसटीचं दार नव्हतं, तो होता, असं सांगितलं. एवढंच. ती म्हणाली, "तवाच का न्हाय बोललीस?" आणि नंतर, "तात्यांना सांगू नगंस. डोकं फिरलं तर कोयता घिऊन निगतील. बैठकीत वडीलधारी बोलतील त्याला."

वडीलधारे बोलतील. तो मान खाली घालून ऐकेल. तो ऐकतो फार छान.


सोमवार, १६ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते.

आई गोठ्यात. कॅमेऱ्याची पिन काढलेली नाही, ती माझ्या सांगण्यावरून. मी माडीवर, दाराला कडी. लॅपटॉपवर अर्ध्या भागात काम, अर्ध्या भागात यादी.

११.१२. सातवं नाव हिरवं झालं. उणे ७९.

दर पाच सेकंदांनी आकडा बदलतो. ७९. ७६. ७०. गोठ्याकडे वळला असता तर छोट्या राउटरवर गेला असता. गेला नाही. ६३. ५५. ४८.

आईला फोन लावला. "आई, घराकडं ये. आत्ता."

४४. ४२. खालून काहीच आवाज नाही. नुसता आकडा.

मग आईच्या धापा आणि आवाज. "आवं, तुमी हितं कसं? गोठ्याकडं न्हाय आला?"

"पानी प्यायला आलतो, मावशी."

"माठ आत हाय. जिन्याखाली कुठं आलंय पानी?"

तो हसला. मला त्याचं हसणं ओळखू येतं. "मनीषा हाय का वर?"

"न्हाय. बारामतीला गेलीया."

"चपला हायत की तिच्या."

आई मग म्हणाली, "जुन्या हायत त्या. निगा आता, तात्या येतील."

११.२३ ला नाव करडं झालं.

मी खाली गेले तेव्हा आई पायरीवर बसली होती. पदराने तोंड पुसत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यासाठी कुणाशी खोटं बोलली असेल. मी तिचा हात धरला. मग ती म्हणाली, "तू काळजी करू नगंस. जाताना म्या चांगला दम दिलाय त्याला. म्हनलं, तिला समदं कळतंय. तू वस्तीत पाय ठिवला की तुजा फोन आमच्या वायफायला लागतो आन् तिला वर दिसतो."

मी हात सोडला नाही.

आता त्याला माहीत आहे. त्याने वायफाय बंद ठेवलं की झालं.


बुधवार, १८ फेब्रुवारी

अकरा ते एक यादीसमोर. सातवं नाव करडं.

याआधी करडं म्हणजे नाही असा अर्थ होता. आता काहीच अर्थ नाही.

जेवताना तात्या म्हणाले, "आज यादीत कोन आलं, कोन गेलं?" नेहमीची चेष्टा. मी म्हटलं, सहाच. म्हणाले, "सोमवारी सात करू परत," आणि आईकडे बघून हसले. आईने भाकरी वाढली, वर बघितलं नाही.


गुरुवार, १९ फेब्रुवारी

गावात शिवजयंती. सकाळपासून लाउडस्पीकर, तो आवाज वस्तीपर्यंत. तात्या आणि आई मिरवणुकीला. मला सुट्टी नाही, क्लायंट परदेशी. आई म्हणाली चल, मी म्हटलं, कडी आहे, दोन तासांत येताच आहात. भीत नाही असं दाखवायचं होतं. कुणाला, माहीत नाही.

वर जाताना चपला पायथ्याशी मुद्दाम वाकड्या ठेवल्या. डावी उजवीवर, टोक भिंतीकडे. फोनवर फोटो काढला. १०.४०.

सातवं नाव पूर्ण वेळ करडं. लाउडस्पीकरमुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

१२.५० ला तात्यांची मोटरसायकल ऐकली. कडी काढली, दार उघडलं.

चपला दारासमोर होत्या. वरच्या पायरीवर. जोडीने, सरळ, टोकं माझ्या दाराकडे.

चौदा पायऱ्या आहेत.

तात्यांना तिथेच, उभ्या उभ्या सांगायला लागले. काय सांगितलं ते आता आठवून बघते तर मलाच हसू येण्यासारखं आहे. चपला, सिग्नल, उणे ४१. ते ऐकत होते. मग म्हणाले, "चोर आला आन् चपला लावून गेला व्हय? कुत्र्यानं वडल्या असतील गं."

"कुत्रं जोडीनं लावत न्हाय, तात्या."

"मंग तूच काडल्या असशील वर. काम करून करून डोकं शिनतं. सोमवार हुं दे, समदं नीट हुतंय."

मी फोटो दाखवला. ते म्हणाले, "ह्यात चपलाच हायत की." बरोबर आहे. फोटोत चपलाच आहेत.

आई मागे उभी होती. तिने चपला पाहिल्या. तात्या आत गेल्यावर चपला उचलून नळाखाली धुतल्या, घासून घासून.


शुक्रवार, २० फेब्रुवारी

ऑफिस. रेश्माला यावेळी खरं सांगितलं. ती म्हणाली, "तोंडी सांगू नको. तोंडी सांगितलं की ते रडगाणं होतं. लिही. तू ऑफिसात बिघाडाचा रिपोर्ट लिहितीस तसं."

नोंदी छापून घेतल्या. चार पानं. बसमध्ये पिशवी पोटाशी धरून बसले. लासुर्ण्यात एक माणूस चढला, पाठ तशीच. तो नव्हता.


शनिवार, २१ फेब्रुवारी

तात्या, आई दोघांना द्यायचं पत्र. इथे नक्कल ठेवते. मूळ कागद आणि चार पानं टीव्हीच्या टेबलावर, तात्यांच्या चष्म्याखाली ठेवते.

ती. तात्या आणि आई,

तोंडी सांगितलं तर तुम्हाला पटत नाही, म्हणून लिहिते.

१. डिसेंबरात बारामतीच्या स्टँडवर अ.ने माझं मनगट धरून बांगड्या फोडल्या. एसटीचं दार लागलं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलले, त्याची माफी मागते. आईला हे रविवारी सांगितलं आहे.
२. लग्न मोडल्यावर तो आपल्या वस्तीवर निदान पाच वेळा आला. तारखा आणि वेळा सोबतच्या पानांवर. त्यातल्या तीन वेळा आईला भेटला. दोन वेळा सरळ माझ्या जिन्यापाशी आला. पाचव्या वेळी आईने त्याला जिन्याखाली डोळ्यांनी पाहिलं. तिला विचारा.
३. गुरुवारी चपला वर कुणी नेल्या हे मी सिद्ध करू शकत नाही. मी नेल्या नाहीत. दाराला कडी नसती तर काय झालं असतं ते तुम्ही ठरवा.
४. तात्या, तुम्ही कोयता घेऊन जाऊ नका. तो त्याचीच वाट बघत असेल. मग चूक आपली ठरेल. मला कोयता नको आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसून हवे आहात.
५. आई, तू त्याच्याशी माझ्यासाठी खोटं बोललीस, ते मी विसरणार नाही. त्याला यादीचं सांगितलंस तेही चांगल्यासाठीच. पण त्यामुळे आता तो आलेला मला कळत नाही.

त्याचं नाव यादीतून आज काढलं. आता ठेवून उपयोग नाही.

माझं विचारणं एकच आहे. सोमवारची बैठक मामाला फोन करून रद्द कराल का, आणि सोमवारी सकाळी ही पानं घेऊन माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात याल का? दोन्हीला मिळून एकच उत्तर, हो किंवा नाही.

नाही असेल तर मी रागावणार नाही. सोमवारी पहिल्या एसटीने बारामतीला जाईन, माझा फोन आणि लॅपटॉप यादीतून काढून. राउटर कसा उघडायचा ते कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटवलं आहे. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते मग तुम्ही बघा.

उद्या, रविवारी २२ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्या.

मनीषा